हाकेला येणारं कुत्रं

धाकट्याला कुत्रं हवंसं वाटलं तेव्हा त्याने ते विकत आणलं आणि नकोसं झालं तेव्हा ताईच्या दुकानात आणून सोडलं. यात नवीन काही नव्हतं. धाकट्याने हौसेने आणून अर्धवट टाकलेल्या वस्तूंनी वरची खोली भरलेली होती: तार तुटलेली गिटार, व्यायामाची सायकल, एकदाच पाण्यात गेलेला पोहण्याचा चष्मा. धाकटा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, तिथेच लग्न करून राहिला, तरी घरात त्या खोलीचं नाव 'धाकट्याची खोली'च राहिलं. बाबा दर आठवड्याला स्वतः वर जाऊन तिथली धूळ पुसायचे. त्यांची थोरली लेक मात्र दुकानामागच्या खोलीत फ्रेमच्या पट्ट्यांच्या गठ्ठ्यांशेजारी झोपायची. पट्ट्यांना वर ओल लागते म्हणून त्या खाली ठेवल्या होत्या. ताई खाली का, हे कुणी विचारलं नव्हतं.

"दोनच आठवडे गं ताई," धाकटा म्हणाला होता. "आम्ही घर बदलतोय. तोवर सांभाळ."

"आणि याचं खाणंपिणं?"

"काहीही खातो. एकदम गुणी आहे. नाव कॅप्टन."

हा कॅप्टन दुकानात आला तोच मुळी काउंटरखाली शिरून थरथरत बसला. फ्रेम ठोकताना हातोडीचा आवाज आला की त्याला घाम फुटायचा, म्हणजे कुत्र्याला जसा फुटतो तसा, जीभ बाहेर काढून. शेजारचा घड्याळवाला त्याला बघून पोट धरून हसला. "हा कसला कॅप्टन? याचं जहाज बंदरातच बुडायचं." पण नाव चिकटलं. जिभेच्या सोयीने त्याचं कप्तान झालं, आणि दोन आठवड्यांचं वर्ष होऊन गेलं तरी धाकट्याला कुत्र्याची आठवण झाली नाही.

दुकान बाबांनी उभं केलेलं. बाबांचे हात कापायला लागल्यापासून काच कापायचं काम ताईकडे आलं आणि मग हळूहळू सगळंच आलं. बाबा काउंटरवर बसायचे, गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचे. ताईने लग्न का केलं नाही असं एखाद्या गिऱ्हाइकाने विचारलं की ताई काच कापायला घ्यायची, कारण काच कापताना बोलायचं नसतं.

फ्रेमच्या दुकानात कुत्रं म्हणजे आधीच डोक्याला ताप. कितीही झाडा, काचेचा एखादा कण फटीत राहतोच. पहिल्याच महिन्यात कप्तानच्या पंजात काच गेली. ताईने ती चिमट्याने काढली, जखमेला औषध लावलं. औषध झोंबणारं होतं. दुसऱ्या दिवशी औषधाची वेळ झाली तशी ताईने हाक मारली, "कप्तान, ये." तो शेपटी हलवत आला, ताईने पंजा धरला, तो कळवळला. असं चारपाच दिवस चाललं. जखम बरी झाली, पण 'ये' म्हटलं की कप्तान कापायच्या टेबलाखाली जाऊन बसायचा तो बसायचाच.

ताईला आधी त्याचा राग आला आणि मग स्वतःचा. कुत्र्याचं काय चुकलं? आपणच त्याला शिकवलं की 'ये' म्हणजे झोंबणार आहे, आणि तो ते चांगलं शिकला. हुशारच म्हणायचा. तिने तो शब्द टाकून दिला, तडा गेलेली काच टाकतात तसा. नवा शब्द घेतला: बक्षीस. आणि त्याबरोबर स्वतःला एक नियम घालून घेतला. बक्षीस म्हणायचं तर काहीतरी चांगलं द्यायचंच. औषध, आंघोळ, नखं कापणं, दोरी बांधणं, यातल्या कशालाही हाक मारायची नाही. त्यासाठी आपण उठून त्याच्याकडे जायचं.

मग शिकवणी सुरू झाली. आधी दुकानातल्या दुकानात, काउंटरपासून टेबलापर्यंत. मग मागच्या अंगणात, चित्रं टांगायची लांब दोरी त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला बांधून. ॲप्रनच्या खिशात उकडलेल्या कलेजीचे तुकडे. कप्तान दुसरीकडे बघत असताना ताई हळूच म्हणायची, "बक्षीस!" आणि तो वळला की लगेच तुकडा. पुढे पुढे दोरी सुटली आणि धडे छापखान्यामागच्या मैदानात गेले. एक बाई मैदानात उभी राहून 'बक्षीस, बक्षीस' ओरडते म्हटल्यावर येणारेजाणारे थबकायचे. घड्याळवाला दारातून म्हणायचा, "ताई, मलाही हाक मारा की. कलेजी नको, चहा चालेल."

सगळ्यात आवडीने शिकले ते बाबा. त्यांना नियम फार पटला. "बरोबर आहे. शब्द म्हणजे शब्द," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून सदऱ्याच्या खिशात कलेजी ठेवायला लागले. खिशांना डाग पडले, ते ताईने धुतले. बाबांचा आवाज बारीक, हात कापरे, पण खरं सांगायचं तर त्यांनी बक्षीस म्हटलं की कप्तान ताईच्या हाकेपेक्षा अंमळ जोरातच पळत यायचा. दुपारी बाबांचा डोळा लागला की तो त्यांच्या पावलांवर हनुवटी टेकून झोपायचा.

एकदा भिंतीला लावलेली मोठी काच घसरून फरशीवर फुटली. दुकानभर तुकडे. कप्तान घाबरून उठला आणि नेमका त्या तुकड्यांच्या दिशेने निघाला. ताई मागच्या दारात होती. आवाज तिने नेहमीसारखाच ठेवला. "बक्षीस!" उचललेला पंजा त्याने तसाच मागे घेतला, वळला आणि तिच्याकडे आला. ताईने त्याला खिशातली सगळी कलेजी दिली आणि मग पायरीवर बसून रडली. वर्षभराच्या मेहनतीचं चीज झालं होतं.

आणि मग धाकटा उगवला.

नवी गाडी, बरोबर भावजय, हातात चकचकीत साखळी. त्याने घर घेतलं होतं, पुढे बाग, बागेला मोठं फाटक. चहाचा कप खाली ठेवायच्या आधीच त्याने विषय काढला. "कॅप्टनला न्यायला आलोय. फाटकाशी कुत्रं कसं शोभून दिसतं."

"शोभून दिसायला दिवा लाव," ताई म्हणाली.

"अगं, माझंच कुत्रं आहे ना ते?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझं? पंजातली काच काढताना कुठे होतास तू? तो तापाने फणफणला, तेव्हा रात्रभर त्याच्या डोक्यावर ओली पट्टी कोणी ठेवली? वर्षभरात एक फोन तरी केलास का, 'माझं कुत्रं' जगलं की मेलं म्हणून? हे सगळं ती बोलली, आणि मोठ्याने बोलली, दाराशी एक गिऱ्हाईक तोंड उघडं टाकून उभं होतं तरी बोलली. भावजय मान खाली घालून कपाच्या कानाशी चाळा करत बसली. धाकटा हसला. त्याचं ते हसणं ताई लहानपणापासून ओळखत होती. आपल्याला मिळणारच आहे हे माहीत असलेल्या माणसाचं ते हसणं होतं.

"बाबा, तुम्हीच सांगा," तो म्हणाला.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आणलं तर त्यानेच होतं," ते ताईकडे न बघता म्हणाले.

झालं. त्या घरात एवढं पुरे होतं.

कप्तान तेव्हा छापखान्यामागच्या मैदानात मोकळा होता. धाकटा साखळी खुळखुळवत गेला. "कॅप्टन! कम, कम!" कप्तानने सभ्यपणे शेपटी हलवली आणि जागचा हलला नाही. धाकटा पुढे गेला, तो मागे सरकला. धाकटा धावला, तोही धावला. त्याला वाटलं खेळ आहे. नव्या बुटांना चिखल, कपाळाला घाम, आणि छापखान्याच्या खिडकीत कामगारांची डोकी. घड्याळवाल्याने तर दुकान वाऱ्यावर सोडून मैदानाच्या कडेला बैठक मारली.

"ताई, तू हाक मार त्याला," धाकटा धापा टाकत म्हणाला.

"नाही मारणार."

"अगं, तमाशा झालाय."

"होऊ दे. मी हाक मारली की त्याला चांगलं मिळतं. तुझी साखळी चांगली आहे, असं मी त्याला कसं सांगू? न्यायचं तर धरून ने. तो माझ्या तोंडून खोटं ऐकणार नाही."

"एवढ्याशा कुत्र्यासाठी..." धाकट्याने हात झटकले. "तिरसटच आहेस तू पहिल्यापासून."

तिरसट तर तिरसट. ताई हाताची घडी घालून उभी राहिली. तिला वाटलं, आता हा कंटाळेल. याचा कंटाळा तिच्या ओळखीचा होता. अख्खी वरची खोली त्याने भरली होती. थोडा वेळ गेला असता तर धाकटा निघून गेलाही असता.

तेवढ्यात मागून बारीक आवाज आला. "बक्षीस!"

कप्तान कान पाडून, अंग लवलवत सुसाट आला तो थेट बाबांच्या पायाशी. बाबांनी उजव्या हाताने त्याच्या तोंडात कलेजीचा तुकडा दिला आणि डाव्या हाताने त्याचा गळ्यातला पट्टा धरला. हात कापत होता, पण पट्टा सुटला नाही. धाकट्याने येऊन कडी अडकवली. कप्तान तुकडा चघळत ताईकडे बघत होता. त्याला अजून काही कळलं नव्हतं. गाडीचं दार लागलं तेव्हा कळलं.

घड्याळवाला उठला आणि आपल्या दुकानात गेला.

ताई बाबांकडे वळली: "बाबा, तुम्ही?"

"मी कलेजी दिली ना त्याला," बाबा म्हणाले. त्यांना खरोखरच वाटत होतं की त्यांनी नियम पाळला.

यावर माणसाने काय बोलायचं? ओरडायचं कुणावर? चोर असता तर त्याची गचांडी धरली असती. हे तर तिचे बाबा होते, शब्द म्हणजे शब्द म्हणणारे, आणि त्यांनी तिनेच घडवलेला शब्द घेऊन तिच्याच कुत्र्याला पकडून दिलं होतं. वर तोंड भरून सांगत होते की कलेजी दिली. धाकट्याने मागितलं आणि या घराने दिलं नाही असं आजवर झालं नव्हतं, पण आजवर ज्या वस्तू दिल्या त्यांना निदान जीव नव्हता.

ताईने अबोला धरला. जेवण वाढायची, औषध पुढे ठेवायची, गिऱ्हाइकांशी बोलायची. बाबांशी नाही. बाबा आपणच म्हणायचे, "रमेल तो तिकडे. बाग आहे." ताई काच कापायला घ्यायची. बाबांच्या खिशात अजून कलेजी असायची. संध्याकाळी ते ती मागच्या अंगणात नेऊन कावळ्यांना टाकायचे. एकदा ताईने ते पाहिलं. तिला दया यायला हवी होती, पण आली नाही.

मग एका दुपारी भावजयीचा फोन आला. ती रडत होती. कप्तान फाटकातून निसटला होता. हमरस्त्यापलीकडे ट्रकांचा तळ होता, तिथे एका ट्रकखाली जाऊन बसला होता. "हे सारखे बक्षीस बक्षीस म्हणतायत हो ताई, पण तो आणखीच आत सरकतोय."

"बक्षीस त्याला कोणी सांगितलं?"

"बाबांनी. फोनवर. म्हणाले, हाच शब्द आहे, लगेच येतो. पहिले काही दिवस यायचाही. पण हे त्याच शब्दाने आंघोळीला बोलवायचे, साखळीला बोलवायचे, पाहुणे आले की बाल्कनीत कोंडायला बोलवायचे. रोपं उकरली म्हणून बोलावून चपलेने... मी सांगून पाहिलं ताई. माझं ऐकतंय कोण?"

फोनचा आवाज मोठा होता. काउंटरवर बाबांनी सगळं ऐकलं.

"ताई, तुम्ही फोनवरून हाक मारा ना. तुमचा आवाज ऐकून येईल."

"आता त्या शब्दात काही उरलं नाही," ताई म्हणाली. "त्याला म्हणावं तोंड बंद ठेव आणि लांब उभा राहा. मी निघाले. आणि ऐक, मी कप्तानला घरी आणणार आहे. धाकट्याला विचारत नाहीये, तुला सांगतेय."

"न्या हो," भावजय म्हणाली. "मला बघवत नाही."

ताईने दुकानाची माल पोचवायची गाडी काढली, अंगात ॲप्रन तसाच. बाजूला पाहिलं तर बाबा शेजारच्या सीटवर येऊन बसले होते, मांडीवर डबा, डब्यात कलेजी. उतरा म्हणायला सुद्धा बोलावं लागलं असतं, म्हणून ती काही बोलली नाही. वाटेत बाबा एकदाच म्हणाले, "माझ्याकडे तो येतोच." ताईने गिअर बदलला.

तळावर पोचेपर्यंत उन्हं उतरायला लागली होती. ट्रकवाला आपल्या केबिनच्या पायरीवर बसून चिडून विडी ओढत होता. "बाई, मला कधीच निघायचं होतं. खाली ते जनावर. इंजिन सुरू केलं की चाकाशी जातंय."

"तेवढी विडी संपू द्या," ताई म्हणाली.

धाकटा थोड्या अंतरावर साखळी घेऊन उभा होता. चेहरा पडलेला, बूट धुळीने माखलेले. "वेडं झालंय ते. चावायला आलं मला," तो म्हणाला.

"ती साखळी आधी गाडीत टाक." ताईचा आवाज असा होता की त्याने जन्मात पहिल्यांदा तिचं मुकाट्याने ऐकलं. "आणि तिकडेच बस. दार लावून."

तिने वाकून पाहिलं. मागच्या चाकांमध्ये, ग्रीस गळून काळ्या झालेल्या जमिनीवर कप्तान पोटाशी पाय घेऊन पडला होता. बरगड्या दिसत होत्या. ताईने हाक मारली नाही. ती ट्रकपासून थोडं दूर जाऊन जमिनीवर बसली, त्याच्याकडे पाठ करून. डोक्यात नुसता जाळ झाला होता, पण कुत्र्याला माणसाचा राग पाठीवरूनही कळतो, म्हणून तिने तो आत दाबला आणि खांदे सैल सोडले. कप्तानचा दोष नव्हता आणि त्याला त्याची झळ लागायला नको होती.

बऱ्याच वेळाने मागे खडी सरकल्याचा आवाज आला. मग थांबला. परत आला. मग एकदम आत ओढून घेतल्यासारखा बंद झाला.

ताईने हळूच मान वळवली. तिच्या मागे, ट्रकच्या दुसऱ्या बाजूला, बाबा उकिडवे बसले होते. गुडघे दुखत असताना बसले होते. तळहात पुढे केलेला, तळहातावर कलेजी, आणि हात नेहमीसारखा कापत होता. ते काही बोलत नव्हते. नुसते ओठ हलत होते. कप्तानने त्या हाताकडे पाहिलं होतं आणि तो पार पलीकडच्या चाकापाशी जाऊन चिकटला होता, दात दाखवत. ताईने त्याला आजवर दात दाखवताना पाहिलं नव्हतं. पंजातली काच काढतानाही नाही.

"माझ्याकडे नेहमी पहिल्यांदा यायचा," बाबा म्हणाले.

"बाबा," ताई म्हणाली. त्या दिवसानंतर हा पहिलाच शब्द. "तुम्ही तिकडे जा. त्या भिंतीच्या मागे."

"मी नुसता बसतो. हात मागे घेतो."

"नाही. तुम्ही दिसताय तोवर तो बाहेर येणार नाही."

बाबा एक हात ट्रकच्या चाकाला टेकून उठले. डबा तिथेच राहिला. ते चालत गेले, सावकाश, मध्ये एकदा थांबून, आणि तळाच्या भिंतीआड दिसेनासे झाले. ट्रकवाल्याने विडी पायाखाली विझवली, पण तो उठला नाही.

ताई परत पाठ करून बसली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग खडी वाजली, जवळ आली, आणि तिच्या कोपराखालून एक ओलं, ग्रीसने माखलेलं नाक पुढे आलं. तिने त्याला धरलं नाही. नुसता हात उघडा ठेवला. त्याने तो हुंगला, रिकामा आहे हे पाहिलं आणि तरीही डोकं त्यावर टेकलं. तो सगळा थरथरत होता.

"आला का गं?" भिंतीआडून बाबांनी विचारलं.

ताईने मागे वळून पाहिलं नाही.

"आला," ती म्हणाली. "तुम्ही तिथेच थांबा."